भाऊ गाडीत नुसता बसलेला होता, केसपेपरवर ‘घरी पाय घसरून पडला’ लिहिलंय. भरपाईचा दावा टिकेल का?

आडसची_लेक

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहायलेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळलेल्या मोटारी भरून देतो. बारा दिवसांखाली लातूरला लग्न होतं. दोस्ताच्या कारनं चौघं गेले. येताना रात्री साडेअकराच्या सुमाराला लोखंडी सावरगावच्या अलीकडं रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी होती. टायर बसलेला. मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड नाहीत, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. कार सरळ मागून घुसली. भाऊ दोस्ताच्या शेजारी बसलेला. ‘उजवा हात पुढं धरला, एवढंच आठवतंय’ म्हणतो. मनगटाचा चुरा झालाय, अंगठ्याची शीर तुटली.

दोस्तानं त्याला दुसऱ्या गाडीत टाकून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. पोलीस केस होईल, कार ठाण्यात अडकंल, या भीतीनं तिथं सांगितलं की घरी पाय घसरून पडला. तेच केसपेपरवर लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला आणलं. तिथं भावानं स्वतः खरं काय ते सांगितलं, तिथं अपघात म्हणूनच नोंद झाली. ऑपरेशन झालं, प्लेट टाकली. आता एकाच हाताच्या दोन कागदांवर दोन गोष्टी आहेत.

काल ट्रॉलीवाला गावातली दोन मोठी माणसं घेऊन आला. ४० हजार रुपये आणि पाचशेचा बाँड. ‘आपसात मिटलं, पुढं काही तक्रार नाही’ असं टाइप करूनच आणलं होतं. वडील म्हणायलेत घे, माणसं चांगली आहेत. ठाण्यात गेलो तर तिथंही ‘दोन्ही पार्ट्यांनी मिटवून घ्या’ म्हणाले. गुन्हा अजून दाखल नाही. काय करावं?

निवृत्त_जमादार

ताई, आधी एक करा. बाँडवर सही करू नका, भावाला करू देऊ नका, वडिलांचीही साक्षीदार म्हणून सही नको. ‘हात बरा होऊ द्या, मग बसू’ एवढं बोलून चहा पाजून वाटे लावा. भांडू नका.

मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी हायवेच्या ठाण्यांत. अपघाताचा गुन्हा उशिरा दाखल होणं नवीन नाही. माणूस ऑपरेशन टेबलावर असताना घरची माणसं ठाण्यात कशी जातील? सुप्रीम कोर्टानंही २०११ मध्ये सांगून ठेवलंय की नुसता उशीर झाला म्हणून दावा फेटाळायचा नाही, उशिराचं कारण पटणारं हवं. पण बारा दिवसांचे बावीस होऊ देऊ नका. उद्याच लेखी तक्रार घेऊन जा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना तीच तक्रार स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

तक्रारीत पहिल्या दवाखान्यात काय सांगितलं गेलं तेही स्वतःहून लिहा. कोण बोललं, का बोललं, भाऊ त्या वेळी शुद्धीवर होता की नाही. लपवलं तर दोन वर्षांनी समोरचा वकील ते काढणारच. आपण आधी सांगितलेली गोष्ट कबुली ठरते, त्यानं काढलेली चोरी.

आणि घटनास्थळ. ट्रॉली आता गेली असेल, पण काचेचे तुकडे, रस्त्याच्या कडेची ऑइलची ओल, घासल्याच्या खुणा काही दिवस राहतात. पंचनामा होईपर्यंत तुम्हीच कुणाला तरी घेऊन जा. त्या रात्री कुणी फोटो काढलेत का?

आडसची_लेक

हो काका, चुलतभावानं काढलेत, आठ-दहा. ट्रॉलीचा नंबर दिसत नाही, पण ट्रॅक्टरचा दिसतो. त्यानं ते मला व्हॉट्सॲपवर पाठवलेत.

निवृत्त_जमादार

व्हॉट्सॲपवरचे पुरावा म्हणून कच्चे. तिथं फोटो दाबला जातो, तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. चुलतभावाच्या मोबाइलमधला मूळ फोटो तसाच राहू द्या, फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका. कोर्टात द्यायची वेळ आली की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग फोन ज्याचा त्यानं द्यायचा, दुसरा तज्ज्ञानं. ट्रॅक्टरचा नंबर परिवहन ॲपवर टाकून पाहा, विमा चालू आहे की नाही ते कळतं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं, धाब्याचं सीसीटीव्ही आजच विचारा. रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग चढतं.

अपघात_विभाग_सिस्टर

ताई, मी मराठवाड्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात काम करते. कागद कसा तयार होतो ते सांगते.

रात्री एक वाजता स्ट्रेचर आत येतं. पेशंट कण्हतोय, रक्त चालू आहे. डॉक्टर विचारतात, काय झालं? पेशंटच्या शेजारी जो उभा असतो तो उत्तर देतो, आणि तेच पहिल्या ओळीत जातं. सोबत आलेला घाबरलेला असतो. कधी दारू पिऊन चालवत होता म्हणून, कधी लायसन्स नाही म्हणून तो खोटं सांगतो. ती एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात आणि पुढं सगळं प्रकरण तिच्यावर लटकतं.

काही नातेवाईक नंतर येऊन म्हणतात, सिस्टर, तेवढं खोडून द्या ना. तसं कधीही करायला लावू नका. खाडाखोड केलेला केसपेपर खोट्या केसपेपरपेक्षा वाईट. पहिल्या दवाखान्यातून जसा आहे तसा कागद घ्या. अंबाजोगाईला अपघात म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंद झाली असेल, तिचा नंबर घ्या. तो नंबर ठाण्यातल्या नोंदीला जोडला गेला की तुमची बाजू बरीच सावरते.

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. आंतररुग्ण केसपेपरची पूर्ण प्रत, ऑपरेशनची नोंद, प्लेट-स्क्रूचं स्टिकर, फिजिओथेरपीच्या तारखा, सगळं रेकॉर्ड विभागात अर्ज करून सही-शिक्क्यानं घ्या. एक्स-रेच्या फिल्म दुमडू नका, उन्हात ठेवू नका. मेडिकल स्टोअरच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या सहा महिन्यांत पांढऱ्या पडतात. माझ्या डोळ्यांसमोर एका आजीनं पिशवीतून चाळीस पावत्या काढल्या, एकीवरही अक्षर उरलं नव्हतं. आज संध्याकाळीच झेरॉक्स काढा, आणि कोणती पावती कोणत्या चिठ्ठीची ते मागं पेन्सिलीनं लिहा.

रेणापूरकर

मी ट्रॅक्टरवाला आहे, स्वतःचा ट्रॅक्टर कारखान्याला लावतो. राग मानू नका ताई, पण दुसरी बाजूही ऐका. रात्री टायर बसला तर माणूस काय करणार? पंधरा-वीस टन ऊस भरलेला, जॅक लागत नाही, मागं ऊसतोडीची टोळी आहे, बायका-लेकरं आहेत. तो ४० हजार घेऊन आला म्हणजे माणूस पळपुटा नाही. गुन्हा झाला तर त्याचा ट्रॅक्टर हंगामात ठाण्यात जाईल, हंगामाआधी घेतलेली उचल अंगावर राहील. तुमच्या भावाचा हात गेला याचं वाईट वाटतं, पण आणखी एक घर कशाला बुडवायचं?

आडसची_लेक

दादा, तो आला तेव्हा आईनं त्याला जेवून जा म्हणलं होतं. आम्हाला त्याचं घर बुडवायचं नाही. पण भावाला दोन लेकरं आहेत, आणि त्याला आता साधं पाण्याचं भांडं उचलत नाही.

वकिलीण_परभणी

रेणापूरकर दादा, तुमची काळजी खरी आहे, पण एक गैरसमज आधी दूर करते. ट्रॅक्टरचा विमा चालू असेल, चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल, तर भरपाई विमा कंपनी भरते, मालकाच्या खिशातून जात नाही. सक्तीचा तृतीय-पक्ष विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा) त्यासाठीच असतो. मालकाचं नाव दाव्यात येतं ते कायद्याची गरज म्हणून. उलट ४० हजार रोख देऊन तोच आपल्या खिशातून खर्च करतोय. विमा नसेल तर मात्र मालकावर येतं. ट्रॉलीच्या बाबतीत कंपन्या वाद घालतात, म्हणून ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे कागद वेगवेगळे काढून पाहायचे.

आता ताई, तुमच्या भावाबद्दल.

तो प्रवासी होता. त्याची चूक शून्य. ट्रॉली विनालाईट उभी होती ही एक चूक, आणि दोस्तानं वेळेत पाहिलं नाही, ही कदाचित दुसरी. दोघांच्या चुकीनं तिसऱ्याला लागलं की तो तिसरा दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून ट्रॅक्टर आणि कार, दोन्हींचे मालक, चालक आणि विमा कंपन्या प्रतिवादी करायच्या. बहुतेक लोक इथं चुकतात. ‘दोस्ताचं नाव कसं घ्यायचं’ म्हणून त्याला सोडून देतात, मग ट्रॉलीची कंपनी म्हणते, सगळी चूक कारवाल्याचीच होती, मागून तोच धडकला. आणि कारवाला तर केसमध्येच नाही.

दोस्ताच्या कारची पॉलिसी बघा. पॅकेज पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांची जबाबदारी तिच्यात येते. नुसती कायद्यापुरती तृतीय-पक्ष पॉलिसी असेल तर खाजगी कारमधले प्रवासी तिच्यात धरले जात नाहीत. हा फरक पॉलिसीच्या पहिल्याच पानावर कळतो.

मुदत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिलाय की नुसत्या मुदतीवरून दावे फेटाळू नका. पण अंतरिम आदेशावर भिस्त ठेवून बसू नका. तुमच्याकडे साडेपाच महिने आहेत, ते पुरेसे आहेत. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो, अपघात झाला तिथंच लावायला हवा असं नाही.

गुन्हा दाखल झाला की पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे चालतात ते कोर्ट) आणि विमा कंपनीकडे द्यायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. अनेक ठाण्यांत हे आपोआप होत नाही, विचारत राहावं लागतं.

आता हाताचं, कारण रकमेचा खरा वाद तिथंच होणार आहे. त्याचं काम नेमकं कसं चालतं ते मला सांगाल? कोणती बोटं लागतात, किती वेळ?

आडसची_लेक

मॅडम, मी लहानपणापासून बघत आलेय. जळालेली मोटार उघडली की आधी जुनी तार छिन्नीनं तोडून उपसायची. मग साच्यावर नवीन तांब्याच्या तारेचे फेरे मोजून कॉइल करायची. ती कॉइल मोटारीच्या खाचांत एकेक करून बसवायची. बांबूची चपटी पट्टी असते, तिनं तार खाचेत दाबत जायचं. सगळा जोर उजव्या अंगठ्याचा आणि मनगटाचा. तारेला ओरखडा गेला की मोटार परत जळते. पाच एचपीच्या मोटारीला त्याचा जवळजवळ अख्खा दिवस जायचा. आता अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकतच नाहीत. डॉक्टर म्हणाले थोडं सुधारंल, पूर्ण नाही.

वकिलीण_परभणी

ताई, हे जे तुम्ही लिहिलंत ना, हेच कोर्टात सांगायचं, याच शब्दांत.

सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निवाडा आहे, राजकुमार विरुद्ध अजय कुमार. त्यात सांगितलंय की डॉक्टरांनी दिलेला अपंगत्वाचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे. हाताचे ३० टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचे ३० नव्हेत, तिथं कंपनी आकडा खाली ओढते. पण उलटही खरं आहे: ज्याचं पोटच त्या हातावर आहे त्याचं नुकसान कागदावरच्या टक्क्यापेक्षा जास्त असू शकतं. न्यायाधिकरणानं बघायचं की हा माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, आणि दुसरं काही करून पोट भरू शकतो का.

फरक किती पडतो ते बघा. समजा महिना १५,००० कमाई सिद्ध झाली. वर्षाचे १,८०,०००. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले तर २,५२,०००. वय ३४ ला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्यानं गुणायचं तो आकडा) १६, म्हणजे ४०,३२,०००. आता कमाईचं नुकसान १० टक्के धरलं तर ४,०३,२०० आणि ३० टक्के धरलं तर १२,०९,६००. उपचार, सोबतीचा माणूस, वेदना, प्रवास, पुढं प्लेट काढायचं ऑपरेशन, हे सगळं वेगळं. यात ट्रॉलीवाल्याचे ४० हजार कुठं बसतात ते तुम्हीच पाहा.

हे आकडे मिळतीलच असं मी म्हणत नाही. ते पुराव्यावर आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जखम स्थिरावल्यावर घ्या, आणि उपचार केलेले डॉक्टर साक्षीला येतील का ते आत्ताच विचारून ठेवा. नुसतं प्रमाणपत्र जोडून डॉक्टर आलेच नाहीत तर त्याचं वजन निम्म्यावर येतं.

कमाईचा पुरावा काय आहे?

आडसची_लेक

आयटी रिटर्न कधी भरलं नाही. पण वही आहे. कुणाची मोटार, किती एचपी, किती घेतले, उधारी किती, सगळं तारखेनं लिहिलेलं. तार तो लातूरहून आणतो, त्याची बिलं आहेत. बरेच शेतकरी फोनपे करतात.

वकिलीण_परभणी

वही सोन्यासारखी आहे. तिच्यात आता काहीही नवीन लिहू नका, मागच्या तारखेचं तर मुळीच नाही. तारेची बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट तिच्याशी जुळलं की काम झालं. अपघातानंतर घाईनं भरलेल्या रिटर्नकडे न्यायाधिकरण संशयानं बघतं, त्या नादी लागू नका. वहीत नाव असलेले दोन-तीन शेतकरी साक्षीला तयार करा.

बालाघाट

मी माझं सांगतो, कारण या ताईंना एक गोष्ट अजून कुणी सांगितली नाही.

२०१८ मध्ये माझा पाय मोडला, मांडीचं हाड. दावा लावला. सातव्या महिन्यात एक माणूस घरी आला, व्यवस्थित कपडे, हातात फाइल. म्हणाला, कंपनीकडून आलोय, तुमची चौकशी करायला. आम्ही पाट दिला, चहा दिला. त्यानं प्रेमानं विचारलं, काय भाऊ, आता कसं चाललंय? आपल्याकडं कुणी असं विचारलं की आपण काय म्हणतो? ‘बरं आहे, देवाच्या कृपेनं, रानात जाऊन येतो.’ मी तेच म्हणालो. त्यानं लिहून घेतलं, खाली सही घेतली. मी रानात जायचो ते काठी टेकत, बांधावर बसायला. उलटतपासणीत वकिलानं तो कागद माझ्यासमोर धरला: ही सही तुमचीच ना? रानात जाता म्हणालात ना? मला ‘हो’च म्हणावं लागलं.

निकाल लागला, पण कमाईचं नुकसान फार कमी धरलं. औरंगाबाद खंडपीठात अपील केलंय, अजून चालू आहे.

म्हणून ताई, कंपनीचा माणूस आला तर त्याला पाणी द्या, आणि सांगा, आमच्या वकिलांशी बोला. सही काही नाही. भावालाही समजावा. आपली माणसं दुखणं सांगायला लाजतात.

रेणापूरकर

बालाघाट भाऊ, वाचून वाईट वाटलं. वकील मॅडम, विम्याचं तुम्ही सांगितलं ते मला माहीत नव्हतं. माझ्या ट्रॉलीचा विमा आहे का ते मी आजच काढून बघतो.

उमरगेकर_पाटील

ताई, आमच्याकडं दवाखान्याच्या वॉर्डातच लोक येतात, ‘केस आम्ही लढू, खर्च काही नाही, मिळेल त्यातले एवढे टक्के द्या’ म्हणून. कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतात. जपून.

वकिलीण_परभणी

बरोबर. मिळालेल्या रकमेत टक्का घेणं बार कौन्सिलच्या नियमांनाच मान्य नाही. फी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही नको. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आणखी एक, ताई. उपचाराचे काही पैसे मेडिक्लेममधून मिळाले असतील तर ते भरपाईतून वजा होत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये तसा निर्णय दिलाय. मूळ बिलं मेडिक्लेमला गेली असतील तर त्यांच्या शिक्क्याच्या प्रती मागून घ्या.

आडसची_लेक (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

लेखी तक्रार दिली, पोच घेतली. चौथ्या दिवशी गुन्हा दाखल झाला. पंचनाम्याला मी स्वतः गेले. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली कारच्या लाईटची काच अजून पडलेली होती, ती पंचांनी पाकिटात घेतली. पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही पुसलं गेलं होतं, आम्ही चार दिवस उशिरा पोचलो. पण त्या रात्री चहा विकणारा एक पोऱ्या जबाब द्यायला तयार झालाय. ट्रॉली दिवेलागणीपासून तशीच उभी होती म्हणतो.

दोस्ताकडं मी आणि आई गेलो. दोन दिवस तो बोललाच नाही. मग स्वतः ठाण्यात जाऊन सांगून आला की दवाखान्यात खोटं मीच सांगितलं, मी घाबरलो होतो. त्याची पॉलिसी पॅकेज निघाली. ट्रॅक्टरचा विमा चालू आहे, ट्रॉलीचा नाही. बाँड परत केला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आता बोलायलेत.

सिस्टर, एक विचारायचं होतं. पहिल्या दवाखान्यातला एक्स-रे आम्हाला मोबाइलवरच दिलाय, फिल्म दिलीच नाही. ती सीडीवर मागितली तर चालंल, की फिल्मच लागंल? वकिलांनी सोमवारी सगळे कागद घेऊन बोलावलंय.

अपघात_विभाग_सिस्टर

सीडी चालते ताई. पण तिच्यावर भावाचं नाव, तारीख आणि एक्स-रेचा नंबर आहे का ते तिथंच लावून बघून घ्या. सोबत रिपोर्टचा कागद सहीसह मागा, आणि सीडी दिल्याची पावतीही. सोमवारच्या आत होईल.